छप्पन्न दिवसांची सेवा

१. प्रार्थना की औषध?

“आईला कर्करोग आहे असे डॉक्टर म्हणतात, आता आम्ही प्रार्थनेवर विसंबावे की इस्पितळाचा रस्ता धरावा?” हा प्रश्न बुलढाणा, चिखली, मलकापूर, खामगाव या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून आजही विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात अज्ञानापेक्षा एका जुन्या शिकवणीची स्मृती अधिक असते. वऱ्हाडात ज्या मिशनांनी शुभवर्तमान आणले त्यांपैकी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली अमेरिकेत स्थापिली. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही तिची चतुर्विध शिकवण अकोला-खामगावकडील मंडळ्यांत पणजोबांच्या काळापासून रुजलेली आहे. ज्या घरात ‘प्रभू बरे करतो’ हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडले, त्या घरात औषधाची बाटली उघडताना कुणाचे मन किंचित अडखळले, तर त्यात नवल वाटू नये.

परंतु त्याच प्रदेशाचा इतिहास आणखी चार पाने पुढे वाचावा. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या नाझरीन मिशनचे ठाणे बुलढाण्यास होते, त्याच मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या १९३६ साली हिंदुस्थानात आल्या आणि शेजारच्या वाशीम येथे त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. रुग्णासाठी प्रार्थनेत जोडले जाणारे आणि रुग्णाला टाके घालणारे हात तेथे एकच होते. पवित्र शास्त्रातही हीच रीत आहे. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, ती ऐकली गेली, आणि त्याच अध्यायात यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधण्यास सांगितले. राजाला आयुष्याची आणखी पंधरा वर्षे मिळाली. प्रार्थना ऐकली गेली असतानाही लेप टाळला गेला नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रारंभीचा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे असे दिसून येईल. खरा प्रश्न असा की, उपचार एकदा सुरू झाल्यावर तो मध्ये न तुटता शेवटास जाईल यासाठी घराने आणि मंडळीने काय करावे. आणि या प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२. रोगाची ओळख

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या उपजतात, आणि किती उपजावयाच्या यावर शरीराचा अंमल असतो. हा अंमल झुगारून काही पेशी बेसुमार वाढू लागल्या, शेजारच्या भागात घुसू लागल्या आणि रक्तावाटे किंवा लसीकावाहिन्यांवाटे दूर जाऊन तेथेही ठाण मांडू लागल्या, म्हणजे त्या अवस्थेस कर्करोग म्हणतात. त्याची खातरजमा बहुधा गाठीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच होते. ‘सुई लागली की रोग पसरतो’ या समजुतीने पुष्कळ कुटुंबे हा तुकडा काढू देत नाहीत आणि मोलाचे महिने गमावतात. ही समजूत निराधार आहे. तुकड्याची तपासणी झाली की रोग कोठवर पोचला आहे हे पाहून त्याची अवस्था ठरते, पहिलीपासून चौथीपर्यंत, आणि पुढील सर्व निर्णय या अवस्थेवर अवलंबून असतात. म्हणून डॉक्टरांना विचारावयाचे पहिले प्रश्न तीन: रोग कोणत्या अवयवाचा, अवस्था कोणती, आणि उपचाराचा हेतू रोग निपटून काढण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा. तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

पुढील विवेचनासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. समजा, चिखली तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील पंचावन्न वर्षांच्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला आहे आणि तो शेजारच्या ऊतींत पसरला असल्यामुळे शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार ठरला आहे. हा रोग ग्रामीण महाराष्ट्रात आढळतो तो बहुधा उशिरा, आणि मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून तो उद्भवतो. (येथे घरातील लेकीसुनांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विषाणूची तपासणी एकदाच केल्यानेही या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. आईच्या निमित्ताने इस्पितळात जाणे होतेच. आपलीही तपासणी त्याच फेरीत करून घ्यावी.)

३. कोठे जावे आणि पैशाची तजवीज

बुलढाण्याच्या माणसापुढे तीन वाटा असतात. पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पूर्वेस नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. आणि मलकापूर किंवा शेगाव येथून रात्रीच्या गाडीने गाठता येणारे परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लोकांचा ओढा टाटाकडे असतो, आणि निदानाविषयी शंका असेल किंवा रोग दुर्मिळ असेल तर तेथे जाणे इष्टही आहे. परंतु रोज जावे लागणारा किरणोपचार जवळच्या, तितक्याच योग्य यंत्रसामग्रीच्या ठिकाणी घेतला तर तो पूर्ण होण्याची शक्यता अधिक, असे माझे मत आहे. मोठ्या नावाच्या दारात अर्धा झालेला उपचार हा जवळच्या दारात पुऱ्या झालेल्या उपचारापेक्षा हलका पडतो.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार अंगीकृत रुग्णालयात विनामूल्य मिळतो. त्यासाठी शिधापत्रिका आणि ओळखीचा दाखला जवळ हवा, आणि रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राची गाठ भरती होण्यापूर्वी घ्यावयास हवी. शेत गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर करावा. रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाताना शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते, आणि सोबतच्या एका माणसास पंचाहत्तर टक्के सवलत असते. मात्र रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. शिधापत्रिका, आधार, तपासणीचे सर्व अहवाल आणि प्रत्येकाच्या दोन नकला एका कापडी पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी एकाच माणसाच्या ताब्यात असावी.

मुंबईस जावे लागलेच तर मुक्कामाचा प्रश्न औषधाहून बिकट होतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे बाहेरगावचे कर्करोगी आणि त्यांचे आप्त राहतात. गाडगे महाराज आपल्या वऱ्हाडचेच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. या संताच्या नावाच्या धर्मशाळेत पथारी टाकणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने शोमरोनी माणसाचा दाखला तेथे बसून पुन्हा वाचावा. त्यात जखमी माणसाला परक्या जातीच्या वाटसरूने उतारशाळेत नेले, दोन दिनार धर्मशाळावाल्याच्या हाती ठेवले आणि अधिक लागले तर परतताना देईन असेही सांगितले. मुक्कामाचे आणि खर्चाचे असे चोख बोलणे त्या दाखल्यात आहे, हे एरवी आपल्या ध्यानी येत नाही.

४. छप्पन्न दिवसांचा हिशेब

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. आपल्या उदाहरणातील आईला बाहेरून द्यावयाचे किरण बहुधा पंचवीस बैठकांत दिले जातात, आठवड्यातून पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार. त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन नावाचे औषध शिरेतून दिले जाते. आणि शेवटी काही बैठकांत किरणांचा स्रोत गर्भाशयाच्या मुखाजवळ ठेवून आतून किरण दिले जातात. हे सर्व मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे छप्पन्न दिवसांत संपावे, असा दंडक आहे.

हा दंडक का, हे समजले म्हणजे घरचा माणूस तो आपणहून पाळतो. किरण एका फटक्यात सर्व रोगपेशी मारीत नाहीत. प्रत्येक बैठकीत काही मरतात, आणि मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. परंतु उपचार लांबला तर उरलेल्या रोगपेशीही तेवढ्याच जोमाने पुन्हा वाढू लागतात. पऱ्हाटीच्या शेतात एक डवरणी झाली आणि दुसरीची वेळ पावसामुळे वा मजुराअभावी हुकली, तर मधल्या काळात हराळी पुन्हा सारी ओळ धरते आणि आधीची मजुरी फुकट जाते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. किरणांच्या बाबतीत चुकलेले आठवडे नंतर मात्रा वाढवून भरून काढता येत नाहीत, कारण वाढीव मात्रा निरोगी आतड्याला आणि मूत्राशयाला सोसत नाही.

तारखा मांडून पाहू. पहिली बैठक सोमवार, २ जूनला झाली, तर पंचविसावी बैठक ४ जुलैच्या शुक्रवारी येते, आणि छप्पन्नावा दिवस २७ जुलैचा. म्हणजे आतून द्यावयाच्या किरणांना आणि यंत्र बंद पडणे, रक्तातील पेशी घटणे, ताप येणे अशा अनपेक्षित खोळंब्यांना मिळून जेमतेम तीन आठवडे हाती उरतात. आणि या तारखा म्हणजे आपल्याकडे ऐन पेरणीच्या! पहिला पाऊस पडला की सोबत आलेला मुलगा बेचैन होतो. बियाणे घरात पडून आहे, वाफसा निघून जाईल, दोन दिवस गावी जाऊन येऊ असे म्हणतो. आईही मुलाच्या पोटासाठी कासावीस होऊन ‘मला बरे वाटते आहे, मीही येते’ असे म्हणते. येथेच उपचार तुटतात. रक्तस्राव थांबल्यामुळे बरे वाटणे हे रोग संपल्याचे लक्षण नव्हे. ते उपचार लागू पडत असल्याचे लक्षण होय, आणि म्हणूनच तो पुढे चालू ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण होय.

त्या साप्ताहिक औषधाचेही मोल सांगतो. टाटा स्मारक रुग्णालयात तिसऱ्या अवस्थेतील याच रोगाच्या ८५० स्त्रियांवर अभ्यास झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसते किरण घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी पाच वर्षांनी सुमारे ४६ जिवंत होत्या, औषध सोबत घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ५४. शंभरांत आठ जणी अधिक वाचतात, आणि त्यांतली एक आपली आई असू शकते, हे समजले म्हणजे औषधाच्या दिवसाची मळमळ सोसण्यास बळ येते.

५. खाटेचे चार कोपरे

मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणल्याची आणि दार गर्दीने अडल्यामुळे छप्पर उकलून त्याला खाली सोडल्याची हकीकत आहे. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला असे तेथे म्हटले आहे. आणि तो विश्वास त्यांनी हातापायांनी केलेल्या कष्टांतून दिसला. आपल्या घरातही सेवा एकाच सुनेच्या किंवा एकाच मुलीच्या खांद्यावर पडू देऊ नये. एकाने सोबत राहावे आणि औषधांची वही ठेवावी. दुसऱ्याने शेत, गुरे आणि घरी राहिलेली मुले पाहावीत. तिसऱ्याने कचेरी, दाखले आणि पैसा सांभाळावा. आणि परगावी नोकरीस असलेल्या चौथ्याने दर पंधरवड्यास येऊन सोबतच्या माणसाला चार दिवस सुटका द्यावी, त्याने नुसते पैसे पाठवून थांबू नये. सेवा करणारा माणूस झोपेविना खंगला की चिडतो, आणि त्याची चीड आईला आपला अपराध वाटू लागते.

आईला रोगाचे नाव सांगावे की नाही? मी म्हणेन, सांगावे. किरणांच्या खोलीबाहेर बसलेल्या इतर बायकांकडून तिला ते पहिल्याच आठवड्यात कळते, आणि मग आपल्या मुलांनी आपल्यापासून ते लपविले या दुःखासह तिला ते एकटीने वाहावे लागते. सांगताना सारे एकदम सांगण्याचे कारण नाही. ती जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे, आणि न विचारील तेवढे राखून ठेवावे. संमतिपत्रावर तिचीच सही लागते, तेव्हा निर्णयही तिचाच.

६. काय खावे आणि केव्हा धावावे

ओटीपोटावर किरण पडत असताना जुलाब होतात. त्या आठवड्यांत मुगाची मऊ खिचडी, भात, पातळ वरण, उकडलेले अंडे, ताजे ताक असे हलके अन्न द्यावे. ठेचा, तळण आणि कच्ची कोशिंबीर दूर ठेवावी. सिस्प्लाटिन मूत्रपिंडावर भार टाकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे पाणी तिच्याकडून पिववून घ्यावे. झाडपाल्याचे किंवा भस्माचे काही चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, आणि एरवी क्रोसिनच्या गोळीने उतरणारा ताप अशा देहात काही तासांत रक्तात विष भिनल्याचे रूप धारण करू शकतो. घरात तापमापक असावा, आणि तो वाचता येणारा माणूसही असावा.

७. मंडळीने काय करावे

ईयोबाचे तीन मित्र त्याच्या दुःखाची वार्ता ऐकून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम ते हेच. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्या पापामुळे हे झाले असे सिद्ध करू लागले, तेथून त्यांचा अधःपात सुरू झाला. आपल्या मंडळीतही भेटीस येणारा एखादा बंधू प्रेमापोटीच ‘विश्वास कमी पडतो आहे’ असे बोलून जातो, आणि ती बिचारी बाई उलट्यांनी व्याकूळ असतानाही आपल्या विश्वासाचा ताळेबंद मांडीत रात्रभर जागी राहते. पाळकांनी हे बोलणे प्रेमाने पण ठामपणे बंद करावे.

उपवास-प्रार्थनेची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. रुग्णासाठी इतरांनी उपवास जरूर करावा. रुग्णाला तो करू देऊ नये, कारण उपचाराच्या दिवसांत वजन घटले की उपचारच थांबवावा लागण्याची वेळ येते. वडिलांनी रोग्यास तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाच्या पत्रात आहे. ते कपाळास लावावे, किरण पडणाऱ्या कातडीस मात्र विचारल्यावाचून काहीही लावू नये, आणि तेथे काढलेल्या शाईच्या खुणा पुसू नयेत. पेशी घटलेल्या दिवसांत बंद खोलीत वीसपंचवीस माणसांची गृहसभा भरविण्यापेक्षा ओसरीत दोघांनी बसून, दार उघडे ठेवून प्रार्थना केलेली बरी. आणि पाळक प्रभुभोजन घरी घेऊन आले तर एकाच प्याल्याऐवजी तिचा छोटा प्याला निराळा असावा.

मंडळीची खरी सत्ता याहूनही साध्या गोष्टींत आहे. पेरणीचे ते दहा दिवस आठवा. तरुण संघातील चार जणांनी त्या कुटुंबाची पाच एकर पेरून दिली, महिला मंडळाने घरच्या मुलांच्या डब्याची पाळी लावली, आणि एखाद्या निवृत्त परिचारिकेने आठवड्यातून दोनदा फोनवर तापाची व जुलाबाची चौकशी केली, तर २ जूनला सुरू झालेला उपचार २७ जुलैच्या आत संपतो. याच अर्थाने प्रार्थना रोग्याला बरे करते असे मी श्रद्धापूर्वक मानतो: ती माणसांना उभे करते, आणि उभी राहिलेली माणसे उपचार तुटू देत नाहीत. देव याहून निराळ्या मार्गानेही बरे करू शकतो. त्याच्या मार्गांना मर्यादा घालणारा मी कोण? परंतु आपल्या वाट्याचे काम हेच आहे.

८. रोग हटत नाही तेव्हा

काही आजारांत हटविण्याचा उपाय उरत नाही. त्या वेळी ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नये, कारण वेदनेवर करण्यासारखे पुष्कळ असते. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या, ख्रिस्तावर त्यांची दृढ निष्ठा होती. त्यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हे आश्रयस्थान उघडले आणि मरणाऱ्या माणसाची वेदना देहाची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी एकत्रच असते व तिचा इलाजही एकत्रच करावयास हवा हे वैद्यकास पटवून दिले. आपल्याकडे कर्करोगशल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदन स्थापिले. ते भारतातील अशा प्रकारचे पहिले स्थान.

या इलाजाचा आधार तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हा आहे. त्याची सवय लागेल, त्याने मरण लवकर येईल, ही भीती घरच्यांना वाटते. वेदनेच्या मापाने, ठरलेल्या तासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनच्या बाबतीत ती अनाठायी आहे. त्याने बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून रेचक त्याच दिवसापासून सुरू करावे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सुकर झाले आहे. म्हणून घरी परतण्यापूर्वी ते कोठून, कोणाच्या चिठ्ठीवर मिळेल याची विचारणा करूनच निघावे. वेदना सोसणे म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होणे, असे सांगून कोणी आईचे औषध अडवू लागला तर त्याला अडवावे. वेदना शमलेली आईच लेकरांशी बोलू शकते, गीत ऐकू शकते, प्रार्थनेत आमेन म्हणू शकते.

आणि या काळात आईला बहुधा स्वतःपेक्षा दुसऱ्याच कुणाची चिंता लागलेली असते: मागे राहणाऱ्या नवऱ्याची, अविवाहित मुलीची, अपंग मुलाची. वधस्तंभावरून येशूने आपली माता आपल्या प्रिय शिष्याच्या स्वाधीन केली आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान लिहितो. तशीच स्पष्ट बोलणी घरात व्हावीत. बाबा कोणाकडे राहतील, धाकटीच्या शिक्षणाचा भार कोण उचलील, हे मुलांनी एकत्र बसून आईच्या समोर ठरवावे आणि तिला सांगावे. सातबाऱ्यावर तिचे नाव असल्यास मृत्युपत्र तिची शुद्ध पूर्ण असताना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करून घ्यावे. बँकेच्या खात्यावरील नामनिर्देशनाची नोंद तपासावी. आणि पुढे फेरफारासाठी तलाठ्याकडे कोणते कागद लागतील हे ज्याच्याकडे ती कापडी पिशवी आहे त्याने आधीच विचारून ठेवावे.